गाठ गेली, चेहऱ्याचे काय?

श्रवणाच्या मज्जातंतूवरील गाठ काढल्यानंतर रुग्णाच्या नातेवाइकांचा पहिला प्रश्न पुष्कळदा गाठीविषयी नसतोच. तोंड एका बाजूला का वळले, डोळा का मिटत नाही आणि हे पूर्ववत होणार की नाही, हे त्यांना जाणून घ्यायचे असते. या प्रश्नाचे उत्तर शस्त्रक्रियेच्या टेबलावरच देता येईल का, याचा शोध जगभरातील शल्यचिकित्सक गेली अनेक दशके घेत आहेत. उत्तर आज अर्धे हाती आले आहे. चेहरा चांगला राहील, हे बऱ्याच खात्रीने सांगता येते. तो बिघडलेलाच राहील, हे मात्र तेवढ्या खात्रीने सांगता येत नाही.

शेजारच्या नसेवरील गाठ

अकूस्टिक न्यूरोमा या नावाने ही गाठ ओळखली जात असली, तरी ती मुळात ऐकण्याच्या नसेची नव्हे. कानाकडून मेंदूकडे जाणाऱ्या आठव्या मज्जातंतूचा जो भाग शरीराचा तोल सांभाळतो, त्याच्या आवरणातील श्वान पेशींपासून ती तयार होते. म्हणून तिला व्हेस्टिब्युलर श्वानोमा असे अधिक अचूक नाव आहे. ही गाठ कर्करोगाची नसते आणि बहुतेक वेळा अतिशय सावकाश वाढते. एका कानाने कमी ऐकू येणे, त्याच कानात सतत आवाज येणे आणि तोल जाणे ही तिची नेहमीची लक्षणे आहेत. निदान एमआरआय तपासणीने होते.

अडचण आहे ती जागेची. कवटीच्या हाडातील जेमतेम एक सेंटिमीटर लांबीच्या बोगद्यातून आठव्या नसेबरोबरच सातवी नस, म्हणजे चेहऱ्याची नस जाते. कपाळाला आठ्या घालणे, डोळा मिटणे, हसणे, ओठ आवळणे या साऱ्या हालचाली तिच्यावर अवलंबून असतात. गाठ वाढू लागली की ही नस तिच्या पृष्ठभागावर ताणली जाते आणि दोऱ्यासारखी गोल न राहता फितीसारखी चपटी होते. मोठ्या गाठीवर ती इतकी पातळ पसरते, की सूक्ष्मदर्शकाखालीही गाठीचे आवरण कोठे संपले आणि नस कोठे सुरू झाली, हे ओळखणे कठीण जाते.

प्राण वाचवण्यापासून हास्य वाचवण्यापर्यंत

विसाव्या शतकाच्या आरंभी या शस्त्रक्रियेत रुग्ण जगला, तरी ते मोठे यश मानले जाई. अमेरिकी मेंदूशल्यचिकित्सक हार्वी कुशिंग यांनी १९१७ मध्ये या गाठींवर सविस्तर ग्रंथ लिहिला. गाठ आतून पोखरायची आणि आवरण तसेच ठेवायचे, या त्यांच्या पद्धतीमुळे मृत्यूंचे प्रमाण बरेच घटले. पुढे वॉल्टर डँडी यांनी गाठ पूर्ण काढण्याचा आग्रह धरला. मात्र त्यात चेहऱ्याची नस बहुधा गमवावी लागे. गाठ पूर्ण काढूनही ही नस वाचवण्याची नोंद लंडनमधील ह्यू केर्न्स यांच्या नावावर १९३१ मध्ये झाली. १९६० च्या दशकात लॉस एंजेलिसच्या विल्यम हाऊस यांनी या शस्त्रक्रियेत सूक्ष्मदर्शक आणला आणि चित्र पालटले. जर्मनीतील हॅनोव्हर येथे मजीद सामी यांच्या पथकाने केलेल्या एक हजार गाठींच्या शस्त्रक्रियांचा अहवाल १९९७ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा ९३ टक्के शस्त्रक्रियांत ही नस अखंड राहिल्याचे दिसले.

परंतु नस अखंड राहणे आणि ती काम करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. डोळ्यांना धडधाकट दिसणारी नस महिनोन्महिने निश्चल राहू शकते.

मोजमापाची भाषा

चेहऱ्याचे काम मोजण्यासाठी हाऊस-ब्रॅकमन श्रेणी वापरली जाते. १९८५ पासून रूढ झालेल्या या श्रेणीत सहा पायऱ्या आहेत. पहिली म्हणजे पूर्णपणे सामान्य चेहरा आणि सहावी म्हणजे हालचाल अजिबात नसणे. दुसऱ्या पायरीवरील दोष निरखून पाहिल्यावरच लक्षात येतो. तिसऱ्या पायरीवर फरक सहज दिसतो, पण जोर लावल्यास डोळा पूर्ण मिटतो. चौथ्या पायरीवर तो पूर्ण मिटत नाही. पहिल्या दोन पायऱ्या म्हणजे चांगला निकाल, असे सर्वसाधारणपणे समजले जाते. डोळा मिटतो की नाही, ही सीमारेषा रुग्णाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची ठरते.

अंदाज कशावरून बांधतात?

शस्त्रक्रियेपूर्वी सर्वांत उपयोगी पडतो तो गाठीचा आकार. दीड सेंटिमीटरपेक्षा लहान गाठीत चेहरा सुखरूप राहण्याची शक्यता बरीच जास्त असते. तीन सेंटिमीटरच्या पुढे ती झपाट्याने कमी होते. गाठ नसेला किती चिकटली आहे, गाठीत द्रवाने भरलेल्या पोकळ्या आहेत का आणि पूर्वी किरणोपचार झाले आहेत का, यांचाही विचार होतो. भारतात रुग्ण अनेकदा गाठ मोठी झाल्यावरच रुग्णालयात पोहोचतो. त्यामुळे एका कानाचा बहिरेपणा अंगावर न काढणे हाच चेहरा वाचवण्याचा पहिला उपाय ठरतो.

शस्त्रक्रियेदरम्यान चेहऱ्याच्या स्नायूंत बारीक सुया टोचून त्यांतील विद्युत संदेश सतत नोंदवले जातात. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने भरवलेल्या तज्ज्ञ परिषदेने डिसेंबर १९९१ मध्ये अशी देखरेख उपयुक्त असल्याचा निर्वाळा दिला. नसेला धक्का लागताच यंत्रातून आवाज येतो आणि शल्यचिकित्सक हात आखडता घेतो.

खरी कसोटी गाठ निघाल्यावर लागते. नस मेंदूच्या स्तंभातून जेथे बाहेर पडते, तेथे अत्यंत सौम्य विद्युतप्रवाह दिला जातो. सुमारे ०.०५ मिलिअँपिअर एवढ्या प्रवाहानेही चेहऱ्याचे स्नायू जोरदार प्रतिसाद देत असतील, तर संपूर्ण नस संदेश वाहून नेत आहे असा त्याचा अर्थ होतो. अशा रुग्णांपैकी बहुसंख्यांचा चेहरा वर्षभरात पहिल्या किंवा दुसऱ्या पायरीवर असतो. अलीकडे कवटीवरून थेट मेंदूला उत्तेजन देऊन सुरुवातीचा आणि शेवटचा प्रतिसाद यांची तुलना करण्याची पद्धतही वापरात आहे. प्रतिसाद निम्म्याहून खाली घसरला, तर तो धोक्याचा इशारा मानला जातो.

वाईट अंदाज का चुकतो?

प्रतिसाद क्षीण आला किंवा आलाच नाही, तरी चेहरा कायमचा गेला असे म्हणता येत नाही. याचे कारण इजेच्या प्रकारात आहे. ब्रिटिश शल्यचिकित्सक हर्बर्ट सेडन यांनी १९४३ मध्ये मज्जातंतूंच्या इजेचे तीन प्रकार सांगितले. पहिल्यात तंतू शाबूत असतात, केवळ संदेशवहन थांबलेले असते. ते काही आठवड्यांत सुरू होते. दुसऱ्यात आतले तंतू तुटतात, पण आवरण टिकून असते. तंतू दिवसाला साधारण एक मिलिमीटर या गतीने पुन्हा वाढतात. तिसऱ्यात सारेच तुटलेले असते. शस्त्रक्रियेच्या क्षणी यंत्र संदेश पोहोचत नसल्याचे सांगते. तो पहिल्या प्रकारामुळे थांबला की दुसऱ्या, हे त्याला कळत नाही.

शस्त्रक्रियेनंतर चेहरा व्यवस्थित असतो आणि काही दिवसांनी तो लुळा पडतो, असेही घडते. हा उशिरा येणारा पक्षाघात भीतिदायक वाटला तरी त्यातून बहुतेक रुग्ण चांगले सावरतात. अमेरिकी अभिनेते मार्क रफालो यांच्यावर २००१ मध्ये अशाच गाठीची शस्त्रक्रिया झाली. त्यांच्या चेहऱ्याची एक बाजू कित्येक महिने लुळी होती. पुढे चेहरा सुधारला, मात्र एका कानाचे ऐकणे कायमचे गेले.

थांबावे किती?

अंदाजाला खरे मोल येते ते येथे. सुधारणा होणारच असेल, तर धीर धरणे योग्य. होणार नसेल, तर फार थांबणे घातक ठरते, कारण संदेशाविना पडून राहिलेले स्नायू वाळत जातात. जिभेची किंवा चावण्याच्या स्नायूची नस चेहऱ्याच्या नसेला जोडण्याची शस्त्रक्रिया साधारण वर्ष-दीड वर्षाच्या आत झाली, तर अधिक लाभते. म्हणूनच सुधारणेच्या गतीकडे बारकाईने पाहिले जाते. नस अखंड असूनही सहा महिन्यांत हालचालीचा मागमूस नसेल आणि स्नायूंच्या विद्युत तपासणीतही तंतू परतत असल्याची चिन्हे नसतील, तर पुढील शस्त्रक्रियेचा विचार सुरू करावा, असा कल वाढत आहे. नस तुटलीच असेल, तर त्याच वेळी ती जोडणे किंवा दुसऱ्या नसेचा तुकडा बसवणे श्रेयस्कर मानले जाते.

पुन्हा वाढणारे तंतू कधीकधी वाट चुकतात. मग हसताना डोळा मिटतो किंवा डोळा मिटताना ओठ खेचला जातो. त्यासाठी चेहऱ्याचे विशेष व्यायाम आणि बोट्युलिनमची इंजेक्शने उपयोगी पडतात.

या साऱ्या काळात डोळ्याची काळजी टळता कामा नये. दिवसा कृत्रिम अश्रूंचे थेंब, रात्री मलम आणि पापणीवर चिकटपट्टी एवढे तरी हवेच. गरज पडल्यास वरच्या पापणीत सोन्याचे किंवा प्लॅटिनमचे छोटे वजन बसवतात. डोळ्याची संवेदनाही कमी झाली असेल, तर बुबुळाला जखम होण्याचा धोका दुप्पट गंभीर होतो.

शस्त्रक्रियेपूर्वी विचारावयाचे प्रश्न

चेहऱ्याच्या चिंतेने उपचारांची दिशाही बदलली आहे. लहान गाठीवर केवळ नियमित एमआरआयने लक्ष ठेवता येते किंवा गॅमा नाइफसारखे किरणोपचार करता येतात. किरणांची मात्रा मर्यादित ठेवल्यास चेहऱ्याला इजा क्वचितच होते. मोठ्या गाठीत नसेला चिकटलेला पातळ थर मुद्दाम मागे ठेवून त्यावर लक्ष ठेवण्याचा मार्ग अनेक शल्यचिकित्सक स्वीकारतात. उरलेला भाग पुन्हा वाढण्याची शक्यता ही त्याची किंमत होय.

म्हणून रुग्णाने संमतीपत्रावर सही करण्यापूर्वी चार गोष्टी विचारून घ्याव्यात. आपल्या गाठीच्या आकाराला या रुग्णालयातील चेहऱ्याचा निकाल काय आहे? नसेवर विद्युत देखरेख ठेवली जाणार आहे का? नस चिकटलेली आढळल्यास गाठ पूर्ण काढणार की थर मागे ठेवणार? आणि चेहरा लुळा पडलाच, तर पुढचा निर्णय कोणत्या महिन्यात घेतला जाणार? यांतील शेवटचा प्रश्न सर्वांत कमी वेळा विचारला जातो. वेळ हातची जाऊ नये यासाठी तोच सर्वांत आधी विचारायला हवा.