उलट्या खुर्चीवरचा पत्ता

घराची वाटणी होते तेव्हा दागिने तोलले जातात, तांब्या-पितळेची भांडी मोजली जातात. खुर्च्या मात्र ज्याला हव्या त्याने न्याव्यात, असेच चालते. मुंबई-पुण्याच्या जुन्या घरांतून अशा वेळी एक खुर्ची हमखास बाहेर निघते. गोल बैठक, तिच्यात वेताची जाळी, पाठीला एकात एक बसवलेल्या दोन कमानी, खाली पायांना जोडणारे लाकडी कडे. वजनाला इतकी हलकी की दहा वर्षांचे पोरही ती एका हाताने उचलते. लोक तिला ‘इराण्याची खुर्ची’ म्हणतात आणि तिच्याबरोबर एक गोष्टही वारशाने येते: ही पोलंडची आहे, पणजोबांनी 1905 साली घेतली.

या गोष्टीत एक अडचण आहे. 1905 साली पोलंड नावाचा देशच नकाशावर नव्हता. अठराव्या शतकाच्या अखेरीस रशिया, प्रशिया आणि ऑस्ट्रिया यांनी तो आपसांत वाटून घेतला होता आणि 1918 सालापर्यंत तो तसाच वाटलेला राहिला. म्हणजे एक तर साल चुकले आहे किंवा देश. निवाडा करायचा तर जुनी चादर अंथरावी, खुर्ची तिच्यावर उलटी ठेवावी आणि बैठकीच्या गोल चौकटीच्या आतल्या अंगावर विजेरीचा झोत टाकावा.

तिथे बहुधा काहीतरी सापडते. लाकडात तापल्या लोखंडाने उमटवलेली अक्षरे, नाहीतर तेलकट, तपकिरी झालेला कागदी चिटोरा. कधी दोन्ही. शंभर वर्षांची धूळ, रंगाचे ओघळ आणि झुरळांनी कुरतडलेल्या कडा यांतून चार-पाच अक्षरे लागली तरी काम होते.

ती अक्षरे काय सांगतात हे समजायचे तर आधी ही खुर्ची बनली कशी ते पाहायला हवे. तिचा जनक मिखाएल टोनेट 1796 साली ऱ्हाईन नदीकाठच्या बोपार्ड गावी जन्मला. सुताराला बाक काढायचा असला की तो फळीतून वळणदार तुकडा कापतो. टोनेटने लाकूड कापण्याऐवजी वाकवायचे ठरवले. 1830 च्या सुमारास त्याने पातळ पट्ट्या सरसात उकळून, एकावर एक चिकटवून वाकवण्याचे प्रयोग सुरू केले. 1842 मध्ये ऑस्ट्रियाचा मुत्सद्दी मेटरनिख याच्या निमंत्रणावरून तो व्हिएन्नाला गेला आणि तिथेच स्थिरावला. पण सरसाने जोडलेल्या या खुर्च्या जहाजातून दमट मुलखात गेल्या की त्यांच्या पट्ट्या सुटू लागत. कोकणातल्या पावसाळ्यात सरसाच्या सांध्यांचे काय होते हे ज्याने पाहिले आहे, त्याला हे वेगळे सांगायला नको.

उपाय सापडला तो अखंड लाकूड वाकवण्याचा. बीच झाडाचा दांडा वाफेवर मऊ करायचा, बाहेरच्या बाजूला पोलादी पट्टी घट्ट आवळायची आणि मग तो लोखंडी साच्यात वळवून वाळू द्यायचा. एरवी वाकवताना दांड्याची बाहेरची बाजू ताणली जाऊन फाटते. पट्टी तिला ताणली जाऊ देत नाही, त्यामुळे सगळा दाब आतल्या बाजूला जातो आणि लाकूड तो सोसते. एका पोलादी पट्टीच्या या युक्तीवर पुढचा सारा धंदा उभा राहिला. 1856 मध्ये टोनेटला या पद्धतीचा तेरा वर्षांचा एकाधिकार मिळाला. बीचची जंगले आणि स्वस्त मजूर जिथे होते त्या मोराव्हिया प्रांतात त्याने कोरिचानला आणि नंतर बिस्ट्रित्सला कारखाने काढले. 1859 मध्ये आली ती ‘नंबर 14’. आपल्या घरातली खुर्ची म्हणजे बहुतेक वेळा तीच, नाहीतर तिची बहीण.

नंबर 14 मध्ये सुटे भाग सहा, स्क्रू दहा, नट दोन. मागचे दोन पाय आणि पाठीची बाहेरची कमान मिळून एकच लांब दांडा. आतली कमान, बैठकीची चौकट, पुढचे दोन पाय आणि खालचे कडे हे बाकीचे. सरस कुठेच नाही. सुट्या केलेल्या छत्तीस खुर्च्या एक घनमीटरच्या पेटाऱ्यात मावत आणि पोचल्या गावी पेचकस घेऊन कोणीही त्या जोडू शकत असे. जगाच्या पाठीवर या एका नमुन्याच्या कोट्यवधी खुर्च्या पोचल्या, त्यामागे हा पेटारा आहे. माझ्या मते त्या कमानींपेक्षाही हा हिशेब सुंदर आहे.

1869 मध्ये एकाधिकार संपला आणि हे काम सर्वांना खुले झाले. याकोब आणि योसेफ कोन, फिशेल असे प्रतिस्पर्धी उभे राहिले, सगळे जवळपास त्याच नमुन्यांच्या खुर्च्या बनवू लागले. म्हणून नुसत्या आकारावरून कारखाना ओळखता येत नाही. छाप लागतोच.

आता पुन्हा विजेरी. छापात कारखान्याचे नाव, कधी गावाचे आणि कधी देशाचे असते. देशाचे नाव छापण्यामागे त्या काळचे कायदे होते. ब्रिटनने 1887 साली आणि त्यापाठोपाठ हिंदुस्थान सरकारने 1889 साली मालावरच्या खोट्या खुणांविरुद्ध कायदे केले. अमेरिकेने 1890 च्या जकात कायद्याने आयात मालावर मूळ देशाचे नाव सक्तीचे केले. निर्यात करणारे कारखाने मग इंग्रजीत देशाचे नाव घालू लागले. त्यांच्या दृष्टीने ती जकातीची पूर्तता होती, पण आज खुर्चीचे वय काढणाऱ्याच्या हातात तीच सर्वांत भक्कम किल्ली आहे. कारण हे कारखाने जागच्या जागी राहिले आणि त्यांच्याखालचे देश बदलत गेले.

बिस्ट्रित्सचा कारखाना 1918 पर्यंत ऑस्ट्रियात होता. त्या ऑक्टोबरात चेकोस्लोव्हाकिया जन्मला आणि कारखाना आपली जागा न सोडता नव्या देशात गेला. तेव्हा टोनेटच्या नावासोबत ‘मेड इन चेकोस्लोव्हाकिया’ दिसले, तर ती खुर्ची पहिल्या महायुद्धाआधीची असूच शकत नाही. कोन यांच्या छापात ‘टेशेन, ऑस्ट्रिया’ असे वाचायला मिळते. ते टेशेन शहर 1920 मध्ये ओल्झा नदीवरून दोन तुकडे करून पोलंड आणि चेकोस्लोव्हाकियाला वाटून दिले गेले. ‘टेशेन, ऑस्ट्रिया’ ही तीन-चार सेंटिमीटरची ओळ ज्या खुर्चीवर आहे, ती साम्राज्य शाबूत असतानाची.

आणि पोलंड? राडोम्स्को या गावात, तेव्हा नोव्हो-राडोम्स्क म्हणत त्या ठिकाणी, टोनेट आणि कोन या दोघांचेही कारखाने होते. पण ते गाव पहिल्या महायुद्धापर्यंत रशियाच्या झारच्या अमलाखाली होते. ‘मेड इन पोलंड’ हे शब्द 1918 नंतरचेच. पुढची मर्यादाही बरीचशी ठरते: 1939 च्या सप्टेंबरात जर्मनीने पोलंडवर हल्ला केला आणि निर्यातीची ही वाट तुटली. युद्धानंतर तिथले कारखाने सरकारी झाले, खुर्च्या पुढेही बनत राहिल्या, त्यामुळे देशाच्या नावाबरोबर कंपनीचे नावही वाचावे लागते. कोन आणि मुंडुस या कंपन्या 1914 मध्ये एकत्र आल्या आणि पहिल्या महायुद्धानंतर टोनेटही त्यांत सामील झाली. म्हणून ‘टोनेट-मुंडुस’ हा जोडनावाचा चिटोरा दोन महायुद्धांच्या मधला. बिस्ट्रित्सच्या सरकारी कारखान्याला 1953 मध्ये ‘टोन’ हे नाव मिळाले. त्या नावाची खुर्ची पणजोबांची नव्हे, फार तर वडिलांच्या उमेदीतली.

पणजोबांच्या 1905 चे काय झाले, ते आता दिसते. छाप पोलंडचा असेल तर साल निदान तेरा वर्षे पुढे सरकवावे लागते. छाप ऑस्ट्रियाचा असेल तर साल खरे असू शकते आणि ‘पोलंड’ हा शब्द मागाहून चिकटलेला. मुंबईत इराण्याच्या खुर्च्यांना सरसकट पोलंडच्या म्हणण्याची सवय आहे, तीच घरी आली असणार.

इराणी हॉटेलांच्या बाबतीतही हाच सावधपणा हवा. धोबीतलावचे कयानी 1904 चे, बॅलार्ड इस्टेटचे ब्रिटानिया 1923 चे. पण पाटीवरचे साल हे दुकानाचे वय. खुर्ची मोडते, बदलते, बंद पडलेल्या दुसऱ्या हॉटेलातून विकत येते. संगमरवरी टेबलाभोवतीच्या चार खुर्च्या चार वेगवेगळ्या छापांच्या निघू शकतात. एकाच खुर्चीतही हे घडते. सहा भाग स्क्रूंनी जोडलेले असल्यामुळे एका खुर्चीचे कडे दुसरीला लावणे सोपे. म्हणून सहाही भागांचा रंग आणि झीज जुळते का ते पाहावे. खालच्या कड्याची पुढची कड पाय टेकवून टेकवून चपटी झालेली असते, पाठीची कमान जिथे हाताने धरून खुर्ची ओढतात तिथे गुळगुळीत होते. सगळीकडे सारखी झीज दिसली, तर ती घासपेपरची.

छाप सापडलाच नाही, तर लाकूडच वाचावे. पाठीच्या कमानीवर रंग उडालेली जागा शोधून रेषा कुठे जातात ते पाहावे. वाकवलेल्या लाकडात रेषा कमानीबरोबर वळत पूर्ण फेरा घेतात. कापून काढलेल्या लाकडात त्या सरळ जातात आणि वळणावर कडेला तुटतात, तिथेच सांधाही दिसतो. अशी खुर्ची स्थानिक सुताराने नमुना समोर ठेवून सागात घडवलेली असते. तिला कमी लेखू नये, तिचा इतिहास वेगळा आणि आपल्याजवळचा आहे. बीच ओळखायला आणखी एक खूण: फिकट तांबूस लाकडावर तिळाहून बारीक तपकिरी रेघा विखुरलेल्या असतात. सागात त्या दिसत नाहीत, आणि साग खरवडला की तेलकट वास येतो.

बैठकीतली जाळीही बोलते. चौकटीला ओळीने भोके असतील तर वेत एकेक धागा ओवून हाताने विणलेला. चौकटीवर गोल खाच असेल तर तयार विणलेली जाळी खाचेत ठोकून वर पट्टी बसवलेली, ही रीत नंतरची. दोन्ही बराच काळ शेजारी नांदल्या, त्यामुळे एवढ्यावरून साल सांगू नये. अधिक चिन्हाच्या खाचेचा स्क्रू दिसला तर मात्र खात्रीने म्हणावे की ती खुर्ची 1930 च्या दशकाआधीची नाही, निदान तिची ती दुरुस्ती तरी नाही.

हे सगळे पुरावे नष्ट होतात ते बहुधा प्रेमापोटी. वारशाची खुर्ची नवी दिसावी म्हणून पॉलिशवाल्याकडे जाते. तो मनापासून काम करतो, आतली बाजूसुद्धा घासपेपरने घासून काढतो. पाणी लागताच कागदी चिटोऱ्याचा लगदा होतो, दोन हातांत छापाची अक्षरे जातात आणि वर गडद पॉलिश चढते. खुर्ची झळझळीत होते, तिचा पत्ता पुसला जातो. पॉलिशला देण्याआधी उजेड तिरपा धरून फोटो काढून ठेवले आणि बैठकीच्या चौकटीच्या आतल्या अंगाला हात लावायचा नाही असे बजावले, तर एवढे नुकसान टळते.

छाप वाचायची सर्वांत चांगली वेळ जाळी फाटल्यावर येते. आपल्याकडे वेताच्या खुर्च्या विणण्याचे काम कितीतरी दृष्टिहीन कारागीर पिढ्यान्‌पिढ्या करत आले आहेत. जुनी जाळी कापून काढली की चौकट रिकामी होते, आतले अंग चहूबाजूंनी उघडे पडते. भोकांच्या ओळीवरून बोट फिरवत कारागीर पहिला धागा कुठून घ्यायचा ते ठरवतो. लाकडात खोल उमटलेली ती अक्षरे त्याच्या बोटांखालून जातात, आणि खुर्ची घेऊन आलेल्या माणसाला नवी जाळी चढेपर्यंत ती उतरवून घ्यायला वेळ असतो.