सिक्युरिटी क्लिअरन्स आणि वैयक्तिक कर्ज (अमेरिका)

अमेरिकेत सरकारी गुपिते हाताळू देण्यापूर्वी सरकारी नोकराची किंवा कंत्राटी कंपनीतल्या कर्मचाऱ्याची जी पारख होते, तिची आर्थिक बाजू. क्लिअरन्सच्या पायऱ्या तीन : कॉन्फिडेन्शियल, सीक्रेट आणि टॉप सीक्रेट. पारखीचे १३ निकष ८ जून २०१७ पासून लागू असलेल्या ‘सिक्युरिटी एक्झिक्युटिव्ह एजंट डायरेक्टिव्ह ४’मध्ये दिले आहेत. त्यांतला ‘एफ’ हा पैशाच्या व्यवहारांचा, आणि क्लिअरन्स अडण्याच्या नेहमीच्या कारणांत तो मोडतो.

अमुक इतके कर्ज झाले की नकार, असा आकडा नियमांत कुठेच नाही. हप्ते वेळेवर जात असतील, तर घराचे किंवा शिक्षणाचे कर्ज आड येत नाही. एसएफ-८६ या अर्जाचा २६ वा विभाग थकबाकीची विचारणा करतो : १२० दिवसांहून अधिक तटलेले देणे, वसुलीवाल्यांकडे गेलेले खाते, ओढून नेलेली गाडी, पगारातून होणारी सक्तीची कपात, न भरलेला कर, मुलांची थकलेली पोटगी, दिवाळखोरी, जुगार. बहुतेक प्रश्न मागच्या ७ वर्षांचे असतात.

या कडकपणामागे रक्ताचा इतिहास आहे. नौदलातला जॉन वॉकर धंद्यात बुडालेला असताना गुपिते विकायला सोव्हिएत दूतावासात गेला. एनएसए या गुप्तचर संस्थेतला रोनाल्ड पेल्टन १९७९ मध्ये दिवाळखोर झाला आणि पुढच्याच वर्षी त्याने तीच वाट धरली. सीआयएचा ऑल्ड्रिच एम्स घटस्फोट आणि कर्ज यांनी टेकीला आला होता. एप्रिल १९८५ मध्ये त्याने सोव्हिएतांशी ५०,००० डॉलरचा पहिला सौदा केला. त्याने नावे फोडलेल्या हेरांपैकी अनेकांना मृत्युदंड झाला. वर्षाला ७०,००० डॉलरही न कमावणाऱ्या या माणसाने आर्लिंग्टनमध्ये ५,४०,००० डॉलरचे घर कर्जाशिवाय घेतले, जॅग्वार गाडी दारात उभी केली, तरी त्याला अटक व्हायला २१ फेब्रुवारी १९९४ उजाडला. अचानक आलेला, हिशेब न लागणारा पैसाही ‘एफ’ निकषात संशयास्पद ठरतो, तो यासाठीच.

निकषातली खरी न्यायबुद्धी सवलतीच्या कलमांत दिसते. नोकरी गेली, आजारपण आले, जोडीदार वारला, घटस्फोट झाला, ओळख चोरून कोणी कर्ज काढले किंवा सावकारी कंपनीने नाडले, तर ते अर्जदाराच्या बाजूने धरले जाते. मात्र त्यानंतर तो जबाबदारीने वागलेला हवा. समजा, नवऱ्याच्या आजारपणात हॉस्पिटलचे बिल वसुलीला गेले. बायकोने हप्ते बांधून घेतले आणि दर महिन्याची पावती जपून ठेवली, तर तिची बाजू भक्कम आहे. उलट भरपूर कमावूनही आयकर विवरणपत्रेच न भरणाऱ्याचे प्रकरण अवघड होते. अर्जाच्या तोंडावर घाईघाईने केलेली फेडही फारशी कामाला येत नाही. आणि थकबाकी लपवली तर ‘ई’ हा वर्तणुकीचा निकष लागतो. जाणूनबुजून खोटे लिहिणे हा गुन्हा आहे, त्याला ५ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. कर्ज फिटते, पण अर्जातले खोटे पुढच्या प्रत्येक चौकशीत वर येते.

क्लिअरन्स हा कोणाचा हक्क नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८८ च्या ‘नेव्ही विरुद्ध इगन’ निकालात स्पष्ट केले. शंका उरली तर फायदा देशाच्या सुरक्षेला मिळतो. तरीही अर्जदाराला ऐकून घेतले जाते. संरक्षण खात्याच्या कंत्राटी कर्मचाऱ्याला आधी आक्षेपांचे लेखी निवेदन येते; त्याला मुद्देसूद उत्तर देऊन प्रशासकीय न्यायाधीशासमोर सुनावणी मागता येते.

अमेरिकी नागरिकत्व घेतलेल्या मराठी मंडळींची इथे गफलत होण्यासारखी आहे. पुण्यातला स्वतःच्या नावावरचा फ्लॅट किंवा भावासोबतचे बँक खाते एसएफ-८६ अर्जाच्याच परदेशी मालमत्तेच्या विभागात नोंदवावे लागते, आणि त्याची छाननी ‘बी’ या वेगळ्या निकषाखाली होते. क्लिअरन्स हातात पडल्यावरही पाहणी थांबत नाही : आता पतनोंदी यंत्रणेमार्फत सतत तपासल्या जातात, म्हणून नवी थकबाकी आपणहून कळवणे हिताचे.