दोघांचा गणपति

सण म्हणजे भरलेलें घर, अशी आपली दृढ समजूत आहे. लेकी-सुना, नातवंडें, चुलते-पुतणे एकत्र जमले, पंगतींवर पंगती उठल्या, आरतीला जागा अपुरी पडली, म्हणजे सण साजरा झाला असें आपण म्हणतों. मग ज्या घरांत वृद्ध नवरा-बायकोवांचून कोणी उरलेलें नाहीं, त्या घरानें सण करावा कीं नाहीं? निगडीच्या प्राधिकरणांत, जेथें आमचें घर आहे, हा प्रश्न भाद्रपद जवळ आला म्हणजे घरोघर निघतो. "आतां एवढें कोणासाठीं करायचें? यंदापासून मूर्ति आणूं नका, सुपारी मांडून पूजा करा," असें हितचिंतक सांगतात. सल्ला मायेचा असतो. पण त्याच्या पोटांत एक गोष्ट गृहीत धरलेली असते. ती ही कीं, दोघांचा सण हा उणा सण होय. हें गृहीत कितपत खरें आहे, हें पाहण्यास फार लांब जावयास नको. प्राधिकरणापासून तासा-दीड तासाच्या चालीवर, पवनेच्या कांठीं, चिंचवड गांव आहे.

चिंचवडची कीर्ति मोरया गोसावी यांच्यामुळें झाली. परंपरा अशी सांगते कीं, ते मोरगांवच्या मोरेश्वराचे निस्सीम भक्त होते आणि चिंचवडकडे येऊन राहिल्यावरही त्यांनीं मोरगांवची वारी सोडली नाहीं. हें अंतर ऐंशी किलोमीटरांच्या आसपास आहे. पुढें वार्धक्य आलें, पाय थकले, ठरल्या वेळीं पोंचणें होईना. तेव्हां देवानें दृष्टांत दिला कीं, आतां तूं हे श्रम करूं नकोस, मीच तुझ्या घरीं येतों. आणि कऱ्हेंत स्नान करीत असतां त्यांच्या ओंजळींत मूर्ति आली. ती त्यांनीं चिंचवडास आणली. वाड्यांतील मंगलमूर्ति ती हीच. पुढें पवनेच्या तीरीं त्यांनीं संजीवन समाधि घेतली. तेथील मंदिराचें बांधकाम १६५८-५९ सालांतलें असल्याचें शिलालेखावरून कळतें.

ही कथा सांगतांना चमत्कारावर भर देण्याचा प्रघात आहे. आम्हांस तिच्यांतील कारण अधिक विचार करण्याजोगें वाटतें. चिंचवडचें देवस्थान ज्या प्रसंगांतून उभें राहिलें असें परंपरा मानते, तो प्रसंग एका म्हाताऱ्या माणसाच्या थकण्याचा आहे. त्याला यात्रेला जाववेना. पण म्हणून त्याची यात्रा बंद झाली, असें परंपरेनें म्हटलें नाहीं. तिनें यात्रेचें ठिकाण बदललें. कथेचा उत्तरार्धही लक्षांत घ्यावा. घरीं आलेल्या देवानें आपलें मूळ गांव टाकलें नाहीं. भाद्रपदांत आणि माघांत, वर्षांतून दोनदां, मंगलमूर्तीची पालखी चिंचवडहून मोरगांवास जाते. आपल्या नोकरदारांनीं गणपतीला गांवीं जाण्याच्या कितीतरी आधीं चिंचवडचा देव गांवीं जाऊं लागला होता!

आतां शास्त्राकडे वळूं. चतुर्थीची पूजा ही पार्थिव गणपतीची, म्हणजे मातीच्या मूर्तीची, पूजा आहे. तिला मूर्ति लागते, पत्री लागते, दूर्वा लागतात, नैवेद्य लागतो. माणसें किती लागतात? एक यजमान, आणि असेल तर त्याच्या हाताला हात लावणारी त्याची पत्नी. याहून अधिक माणसांची आवश्यकता या पूजेंत नाहीं. तीच गोष्ट संकल्पाची. संकल्पांत यजमान जें क्षेम मागतो तें कुटुंब, परिवार, इतकेंच नव्हे तर दोन पायांचे आणि चार पायांचे सर्व जीव यांच्यासह मागतो. ते सर्व त्या खोलींत हजर असले पाहिजेत, अशी अट त्यांत नाहीं. पाटावर दोघेंच बसलेलीं असतांही संकल्पापुरतें घर भरलेलेंच असतें.

मग भरलेलें घर हेंच सणाचें लक्षण, असें आपल्याला कां वाटूं लागलें? आम्हांस याचें उत्तर माणसांच्या पांगण्यांत दिसतें. जोंवर चार भाऊ एकाच वाड्यांत नांदत होते, तोंवर त्यांना सणासाठीं मुद्दाम जमावें लागत नव्हतें. तीं माणसें रोजच्या पंगतीला होतींच. पुढें मुंबईंत गिरण्या निघाल्या, १८६३ सालीं बोरघाटांतून आगगाडी सुरू झाली, कोंकणांतले नि घाटावरले कर्ते पुरुष पोटासाठीं मुंबईकडे गेले. तेव्हां "एका घराण्याचा एकच गणपति, तोही मूळ घरीं" या जुन्या कुळाचारास नवा अर्थ आला. गणपति हा परत येण्याचा दिवस झाला. गर्दीचा सण हा अशा रीतीनें ताटातुटीच्या पोटीं जन्मलेला आहे. ज्या घराला रोजची माणसें उरलीं नाहींत, त्यानें वर्षांतून एकदां सगळीं मागून घेतलीं.

आमच्या पट्ट्याचा इतिहास याच मार्गानें गेला आहे. फाळणीनंतर पिंपरीस सिंधी निर्वासितांची वसाहत झाली. परत जाण्यास मूळ घरच न राहिलेलीं तीं माणसें. १९५४ सालीं हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा पेनिसिलिनचा कारखाना निघाला. १९६२ सालीं महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झालें, आणि त्या दशकांत बजाज, टेल्को यांच्यासारखे मोठे कारखाने आकुर्डी-पिंपरीच्या माळावर आले. १९७० सालीं नगरपालिका, १९७२ सालीं प्राधिकरण, १९८२ सालीं महानगरपालिका, अशा पायऱ्या गांवें चढत गेलीं. साताऱ्याकडून, कोंकणांतून, खानदेशांतून, आणि १९७२ च्या दुष्काळानंतर मराठवाड्यांतून तरुण मुलें आलीं. आज प्राधिकरणांत ज्या वृद्धांचीं घरें मोकळीं वाटतात, तीं हींच मुलें होत.

येथें एक गोष्ट स्वतःकडे बोट दाखवून सांगितली पाहिजे. प्रस्तुत लेखक १९७४ सालीं साताऱ्याकडील एका खेड्यांतून पिंपरींत नोकरीस लागला. पहिल्या दोन वर्षीं गणपतीला गांवीं गेलों. तिसऱ्या वर्षीं रजा मिळाली नाहीं. चौथ्या वर्षीं मागितलीच नाहीं, कारण जादा कामाचे पैसे हवे होते. मनिऑर्डर केली आणि कर्तव्य झालें असें मानलें. आईचें पत्र आलें, त्यांत तक्रारीचा शब्द नव्हता. "आम्ही दोघांनीं आरती म्हटली, ह्यांना खोकला होता म्हणून मीच मोठ्यानें म्हटली," एवढेंच होतें. तें वाक्य मीं तेव्हां वाचलें आणि विसरलों. आज आमचा मुलगा जर्मनींत आहे. त्याचा व्यवसाय मोटारींचा. २००९ सालीं चाकणला फोक्सवॅगनचा कारखाना उघडला, तिकडचे लोक इकडे आले आणि इकडचीं मुलें तिकडे गेलीं. गेल्या चतुर्थीला फोनच्या पडद्यावर तो आरतीला उभा होता. तिकडे पहाट होती. त्याचा आवाज मागून येई, त्यामुळें टाळीचा मेळ बसेना. शेवटीं बायकोनेंच आवाज चढविला. तेव्हां तें पन्नास वर्षांमागचें वाक्य आठवलें.

म्हणून मुलांवर रागावण्याचा अधिकार आम्हांस पुरता नाहीं. त्यांनीं केलें तें आम्हीं आधीं केलें होतें, फरक अंतराचा. पण याचा अर्थ दुःखच नाहीं असा कोणी करूं नये. मूर्ति उचलतांना हात कांपतो, एकवीस मोदक वळून होईपर्यंत पाठ भरून येते, आणि वळलेले संपवायला माणसें नसतात. हें उणेपण खरें आहे. मात्र तें माणसांचें उणेपण आहे, सणाचें नव्हे. दोहोंची गल्लत केली म्हणजे माणसें नाहींत म्हणून सणही सोडावा असें वाटूं लागतें, आणि आधींच शांत असलेलें घर आपण आपल्या हातानें आणखी शांत करतों.

आम्हीं मूर्ति वीतभर उंचीची केली आहे. मोदकांपैकीं दोन नैवेद्याला राखून बाकीचे खालच्या मजल्यावरील भाडेकरू मुलांकडे जातात. तीं चाकणला पाळ्या करणारीं मराठवाड्याचीं मुलें आहेत, आणि गेल्या वर्षीं त्यांनाही रजा मिळाली नव्हती. दीड दिवसानें विसर्जन घरच्याच बादलींत होतें. माती विरघळली म्हणजे ती तुळशींत घालतों. मुलांपैकीं एकाला मीं विचारलें, "घरीं कोण आहे?" तो म्हणाला, "आई-आबा, दोघंच." त्याला मीं आईस पत्र लिही असें सांगणार होतों, पण हल्लीं पत्रें कोण लिहितो? "आरतीच्या वेळेला फोन कर, आणि तिला मोठ्यानें म्हणूं दे," एवढेंच सांगितलें.