शाप आणि भाऊबंदकी : कुलाब्याचे आंग्रे घराणे

शापित राजकुळ म्हटले की ग्रीक परंपरेतील आट्रियसचे कुळ प्रथम आठवते. आट्रियसने आपल्या भावाला, थायेस्टीसला, त्याच्याच मुलांचे मांस जेवू घातले. पुढे अ‍ॅगमेम्नॉनने मुलीचा बळी दिला, क्लायटेम्नेस्ट्राने पतीला मारले आणि ओरेस्टिसने आईला. ईस्किलसच्या 'ओरेस्टिया' या नाट्यत्रयीत (इ. स. पू. ४५८) हा शाप एका पिढीकडून दुसरीकडे वारशासारखा जातो. घराण्यांच्या ऱ्हासाविषयी मराठीत लिहितानाही 'शाप' आणि 'नियती' हे शब्द सहज येतात. हे शब्द इतिहासाला कितपत पेलतात, याची कसोटी कुलाब्याच्या आंग्रे घराण्यावर घेता येते.

पेण-हमरापूरपासून अलिबागपर्यंत, धरमतरच्या खाडीच्या दोन्ही अंगांना, आंग्रे हे नाव आरमारी पराक्रमाशी जोडलेले आहे. कान्होजी १७२९ मध्ये वारले. त्यांच्यामागे सरखेल झालेला सेखोजी चारच वर्षांत गेला आणि वेगवेगळ्या मातांच्या पोटी जन्मलेल्या उरलेल्या भावांत कलह पेटला. संभाजीने सुवर्णदुर्ग आपल्याकडे ठेवून कुलाबा धाकट्यांवर सोपवला. मानाजीचे घरच्यांशी बिनसले. पोर्तुगीजांच्या आश्रयाने त्याने कुलाब्याच्या तटावर शिड्या लावल्या, किल्ला घेतला आणि येसाजीचे डोळे काढून त्याला कैदेत टाकले. हा तपशील शोकात्मिकेत शोभावा असा आहे, पण त्याचा अर्थ अगदी वेगळा आहे. ईडिपसचे अंधत्व हे उशिरा आलेल्या ज्ञानाचे रूप असते. येसाजीचे अंधत्व हे वारसा रद्द करण्याचे साधन होते. आंधळ्या भावाला गादी सांगता येत नाही. येथे दैव कोठेच नाही, हिशेब मात्र आहे.

मराठीने अशा हिशेबासाठी घडवलेला शब्द 'भाऊबंदकी' हा होय. तो वतन, हिस्सा आणि वाटणी यांच्या व्यवहारातून आलेला आहे. शापाला कर्ता मानवी जगाबाहेरचा असतो. भाऊबंदकीत प्रत्येक कृत्याचा कर्ता आणि त्याचा लाभ दाखवता येतो. म्हणूनच 'ओरेस्टिया'शी तुलना करताना शापापेक्षा तो शाप कोणत्या संस्थेपाशी थांबतो, हे पाहणे अधिक फलदायी ठरते. ईस्किलस रक्ताची परतफेड अ‍ॅरिओपागसच्या न्यायसभेपुढे आणतो. मते समसमान पडतात, अथीनेच्या कौलाने ओरेस्टिस सुटतो आणि सूडदेवतांनाही नगरात मानाचे स्थान मिळते. ही न्यायसभा कल्पित नव्हती. नाटकाच्या काही वर्षे आधीच एफिआल्टीसच्या सुधारणांत तिचे अधिकार कमी करण्यात आले होते, आणि प्रेक्षकांना ते ठाऊक होते.

आंग्र्यांच्या कलहालाही निवाडा मिळाला. १७३५ मध्ये बाजीराव पेशव्यांच्या मध्यस्थीने मानाजीला कुलाबा व 'वजारतमाब' हा किताब आणि संभाजीला सुवर्णदुर्ग व सरखेली अशी वाटणी झाली. निवाडा वरवर समतोल होता. पण निवाडा देणारा अथीनेसारखा अलिप्त नव्हता; एकसंध आंग्रे आरमार दुभंगण्यात पेशव्यांचा स्पष्ट लाभ होता. १७४० मध्ये संभाजी कुलाब्यावर चालून आला, तेव्हा मानाजीला पेशव्यांच्या मदतीची याचना करावी लागली. संभाजीनंतर सरखेल झालेल्या तुळाजीचा शेवट १७५६ मध्ये विजयदुर्गावर झाला: वॉटसन आणि क्लाइव्ह समुद्रातून, पेशव्यांचे सैन्य जमिनीवरून. तुळाजीचे उरलेले आयुष्य कैदेत गेले. जळालेले आरमार आंग्र्यांचे असले तरी पश्चिम किनाऱ्याच्या दृष्टीने ते मराठ्यांचेच होते.

निवाडा देणाऱ्या घरातही भाऊबंदकी पुढे शिरली. १७७३ मध्ये नारायणरावांचा खून झाला, आणि खाडिलकरांनी १९०९ साली त्यावर लिहिलेल्या नाटकाला नाव दिले तेही 'भाऊबंदकी'च. तेथे न्यायाचा उच्चार करणारे रामशास्त्री आहेत, पण त्यांच्या हाती अंमलबजावणी नाही. शनिवारवाड्याला नाटककार मिळाला. कुलाब्याच्या वाट्याला मुख्यतः बखर आणि गॅझेटियर आले.

वास्तविक नाट्य कुलाब्यातही कमी नाही. १७९३ मध्ये पहिला राघोजी वारल्यावर अज्ञान वारसाभोवती पुन्हा झगडा झाला. जयसिंग आंग्रे कैदेत पडला तेव्हा त्याची पत्नी सकवारबाई खांदेरी किल्ला लढवत राहिली. पतीची सुटका होईल या वचनावर तिने किल्ला सोडला. बाबूराव आंग्र्याने जयसिंगला ठार केले. घरी परतलेल्या पतीला मारणाऱ्या क्लायटेम्नेस्ट्राच्या नेमकी उलट अशी ही स्त्री आहे, आणि तिच्या दुःखाचे कारण शापात शोधावे लागत नाही. ते एका मोडलेल्या वचनात आहे.

१८३८ मध्ये दुसरा राघोजी वारला. त्याच्या मृत्यूनंतर जन्मलेला मुलगाही वाचला नाही. घराण्यात दत्तक घेण्यास कंपनी सरकारने परवानगी नाकारली आणि १८४० मध्ये कुलाबा संस्थान खालसा करून आपल्या मुलखात सामील केले.