कॅलिफोर्नियातील विकसक शुल्क आणि हरितपट्ट्यांची देखभाल

विकसक शुल्क (किंवा प्रभाव शुल्क) हे अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यात नव्या बांधकामाला परवानगी देताना शहर अथवा काउंटी प्रशासनाकडून आकारले जाणारे एकरकमी शुल्क आहे. नव्या वसाहतींमुळे आवश्यक ठरणारे रस्ते, उद्याने, अग्निशमन केंद्रे आदी सुविधांचा भांडवली खर्च त्यातून भागविला जातो. हरितपट्टे, दुभाजकांवरील झाडे व पथदिवे यांच्या वार्षिक देखभालीसाठी मात्र हे शुल्क सहसा वापरता येत नाही. त्यासाठी घरमालकांवर स्वतंत्र आकारणी केली जाते.

पार्श्वभूमी

१९६५ च्या क्विम्बी कायद्याने भूखंडविभागणी मंजूर करताना विकसकाकडून उद्यानासाठी जमीन किंवा तिच्या बदल्यात रक्कम घेण्याचा अधिकार शहरांना दिला. वॉलनट क्रीक शहराविरुद्धच्या खटल्यात राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७१ मध्ये हा कायदा वैध ठरविला. जून १९७८ मध्ये मतदारांनी प्रस्ताव १३ संमत केला. त्यानुसार मालमत्ता कराचा मूळ दर करपात्र मूल्याच्या १ टक्क्यापुरता आणि मालकी बदलेपर्यंत त्या मूल्यातील वार्षिक वाढ कमाल २ टक्क्यांपुरती मर्यादित झाली. कराचे उत्पन्न आटल्याने शहरे विकसक शुल्कावर अधिकाधिक विसंबू लागली.

शुल्काचे नियमन

१९८७ मध्ये संमत झालेला व १ जानेवारी १९८९ पासून लागू असलेला कायदा या शुल्काचे नियमन करतो. शुल्काचा हेतू व विनियोग स्पष्ट करणे आणि प्रकल्पाशी त्याचा वाजवी संबंध दाखविणे शहरावर बंधनकारक आहे. जमा रक्कम स्वतंत्र खात्यात ठेवावी लागते. खर्च न झालेल्या रकमेची गरज दर पाच वर्षांनी सिद्ध करावी लागते, अन्यथा ती परत करावी लागते. जुन्या वस्तीतील आधीच्या उणिवा भरून काढण्याचा भार नव्या प्रकल्पावर टाकता येत नाही.

देखभालीची व्यवस्था

१९७२ च्या उद्यानरचना व प्रकाशव्यवस्था कायद्यानुसार शहर परिषद आकारणी क्षेत्र स्थापन करू शकते. अभियंत्याच्या अहवालावरून प्रत्येक भूखंडाचा वाटा ठरतो आणि तो मालमत्ता कराच्या देयकासोबत वसूल केला जातो.

नोव्हेंबर १९९६ मध्ये संमत झालेल्या प्रस्ताव २१८ ने ही पद्धत कठोर केली. भूखंडाला मिळणारा विशेष लाभ सार्वजनिक लाभापासून वेगळा दाखवावा लागतो आणि नव्या किंवा वाढीव आकारणीसाठी मालकांचे टपाली मतदान घ्यावे लागते. मताचे वजन आकारणीच्या रकमेनुसार ठरते. विरोधातील मते अधिक भरल्यास आकारणी लागू होत नाही.

नव्या वसाहतीत घरे विकली जाण्यापूर्वी बहुधा विकसक हाच एकमेव जमीनमालक असतो. त्यामुळे त्याच्या संमतीने आकारणी सहज मंजूर होते. ती भरावी लागते मात्र पुढील खरेदीदारांना. मूळ मंजुरीत महागाईनुसार वाढीची तरतूद नसल्यास पाणी व मजुरीचा खर्च वाढत जातो, पण उत्पन्न तेवढेच राहते. अशा वेळी परिषदेपुढे पुन्हा मतदान घेणे, सर्वसाधारण निधीतून तूट भरणे किंवा छाटणी, सिंचन यांसारख्या सेवा कमी करणे असे पर्याय उरतात. काही शहरे सुरुवातीलाच ही जबाबदारी गृहमालक संघांकडे सोपवितात किंवा १९८२ च्या मेलो-रूस कायद्याखाली विशेष कर लावतात.

न्यायालयीन निर्णय

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने नोलन (१९८७) व डोलन (१९९४) या खटल्यांत परवानगीच्या अटींचा प्रकल्पाच्या परिणामांशी मूलभूत संबंध आणि स्थूल प्रमाणबद्धता असावी, असे ठरविले. २०२४ च्या शीट्झ वि. एल डोराडो काउंटी खटल्यात एका घरासाठी आकारलेल्या २३,४२० डॉलर वाहतूक शुल्काला आव्हान देण्यात आले होते. कायदेमंडळाने सरसकट लागू केलेले शुल्कही या कसोटीतून आपोआप वगळले जात नाही, असा निर्णय न्यायालयाने एकमताने दिला. मात्र ते विशिष्ट शुल्क अवैध आहे की नाही, हे ठरविण्यासाठी प्रकरण राज्यातील न्यायालयाकडे परत पाठविले.

वाद

शुल्कामुळे घरे महागतात, असा विकसकांचा आक्षेप असतो. शुल्क घटविल्यास सुविधांचा बोजा जुन्या रहिवाशांवर पडतो, असे समर्थकांचे म्हणणे असते. २०२१ च्या एका कायद्यानुसार नव्या शुल्क-अभ्यासांत निवासी शुल्क साधारणतः घराच्या क्षेत्रफळाच्या प्रमाणात ठरवावे लागते, जेणेकरून लहान घरांवर तुलनेने जास्त भार पडू नये.