छातीतील वेदनेची परीक्षा
छातीत दुखणाऱ्या रुग्णाला घरी पाठवावे की ठेवून घ्यावे, हा तातडीच्या कक्षातील जुना पेच होय. विल्यम हेबर्डन यांनी १७६८ मध्ये लंडन येथे श्रमाने उद्‌भवणाऱ्या व विश्रांतीने शमणाऱ्या हृद्‌शूलाचे वर्णन केले. रुग्णाची हकीकत हेच त्यांचे मुख्य साधन होते. पुढे विद्युत् हृल्लेख आला. परंतु प्रारंभीचा आलेख निर्दोष असूनही झटका आलेला असू शकतो. हृद्‌स्नायूस इजा झाल्यावर रक्तात उतरणाऱ्या ट्रोपोनीन या प्रथिनाच्या मापनाने ही उणीव बरीचशी भरून निघाली. नेदर्लंड्समधील वैद्यांनी २००८ मध्ये हकीकत, हृल्लेख, वय, जोखमीचे घटक व ट्रोपोनीन यांना प्रत्येकी ० ते २ गुण देणारी पद्धत मांडली. यांपैकी हकीकतीचे गुण मात्र वैद्याच्या विवेकावरच ठरतात. बेरीज ३ पर्यंत असल्यास धोका अल्प मानतात. तो शून्य नसतो.