अवर्षणाचा दोष कोणाचा?

ग्वाल्हेरच्या पश्चिमेस सुमारे वीस किलोमीटरवर सांक नदी अडवून केलेला तिघरा जलाशय आहे. शहराला पाणी मिळते ते मुख्यतः येथून. पाऊस अपुरा झाला की तिघऱ्याची पातळी वर्तमानपत्रांत छापून येऊ लागते, आणि लष्कर व मुरार भागांत एक दिवसाआड पाणी सोडण्याची पाळी येते. धरणांचा इतिहास उपदेशकांच्या वाचनात सहसा येत नाही. पण ज्याला आज आपण हवामानबदल म्हणतो, त्याविषयीच्या एका जुन्या वादाकडे हे धरण आपल्याला नेते, म्हणून आरंभ तेथून करतो.

विक्रम संवत १९५६ मध्ये, म्हणजे इ. स. १८९९-१९०० या वर्षी, पश्चिम व मध्य हिंदुस्थानात जो दुष्काळ पडला त्याला या बाजूचे लोक ‘छप्पनिया’ म्हणतात. माळव्यात दुष्काळ पडत नाही, हा पिढ्यान्‌पिढ्यांचा समज त्या वर्षी खोटा ठरला. आणि उज्जैन, मंदसोर, शाजापूर हा माळव्याचा मोठा भाग तेव्हा शिंदे सरकारच्या राज्यात होता. १९०१ च्या शिरगणतीत ग्वाल्हेर संस्थानाची लोकसंख्या सुमारे २९ लाख भरली. दहा वर्षांपूर्वीपेक्षा ती कमी होती. तरुण महाराज माधवराव शिंदे यांनी त्याच १९०० साली चीनमधील लढाईसाठी इंग्रज सरकारला ‘ग्वाल्हेर’ नावाची रुग्णनौका सजवून दिली, हेही सांगितले पाहिजे. परंतु त्यानंतर १९२५ मध्ये त्यांचा मृत्यू होईपर्यंत तलाव, बंधारे व कालवे यांचे काम त्यांनी मनापासून चालविले. तिघरा धरण त्याच काळातले. १९१७ च्या ऑगस्टमध्ये, बांधून पुरते होते न होते तोच, ते फुटले आणि खालच्या अंगाची पुष्कळ माणसे वाहून गेली. पुढे ते पुन्हा बांधले गेले. खडकवासल्यासाठी विश्वेश्वरय्या यांनी योजलेली आपोआप उघडणारी दारे तिघऱ्यालाही बसविण्यात आली.

राजाच्या पापाने पाऊस रुसतो, ही समजूत आपल्या देशात फार जुनी आहे. पवित्र शास्त्रातही एलीयाच्या काळचे अवर्षण अहाब राजाच्या दाराशी आणून ठेवले आहे. राजाला मात्र त्या वेळी चिंता होती ती आपल्या घोड्यांना व खेचरांना गवत कोठे मिळेल याची. धरण बांधणारा राजा ही जुनी समजूत आपल्या परीने मान्यच करीत असतो. आकाशाने दगा दिला तर उत्तर आपण द्यावयाचे, एवढे तो जाणतो. मग त्याचे धरण टिको वा फुटो. एकोणिसाव्या शतकात इंग्रजी अमलाखाली मात्र एक निराळे मत रूढ होत गेले: पाऊस कमी होतो तो रयतेच्या कुऱ्हाडीमुळे. अवर्षणाचा दोष राजाकडून प्रजेकडे सरकला. आपल्या इतिहासातील हे स्थित्यंतर मला फार महत्त्वाचे वाटते.

या मताचे आरंभीचे पुरस्कर्ते दुष्ट नव्हते. पुण्याजवळ दापोडी येथील सरकारी वनस्पतिबागेचे अधीक्षक डॉ. अलेक्झांडर गिब्सन यांनी १८४० नंतरच्या दशकात सरकारला वारंवार कळविले की कोकणातील डोंगर उघडे पडत आहेत आणि त्यामुळे ओढे आटून पाऊसपाणी बिघडत आहे. १८४७ मध्ये ते मुंबई इलाख्याचे वनसंरक्षक झाले. १८५१ मध्ये ह्यू क्लेगहॉर्न व त्यांच्या सहकाऱ्यांनी उष्ण कटिबंधातील अरण्यनाशाच्या परिणामांविषयी एक अहवाल ब्रिटिश असोसिएशनपुढे ठेवला. मनुष्य आपल्या करणीने हवामान बदलू शकतो आणि सरकारने त्यात लक्ष घातले पाहिजे, हा विचार आपल्या भूमीवर इतका जुना आहे. सह्याद्रीतील कुमरी शेती, धनगरांच्या शेळ्या, मोळीविके यांच्याकडे बोट दाखविणे सोपे होते. त्याच सुमारास, १८५३ मध्ये, मुंबई-ठाणे आगगाडी सुरू झाली आणि पुढील काही दशकांत लोहमार्गाखाली घालावयाच्या लाकडी पट्ट्यांसाठी अरण्येच्या अरण्ये तोडली गेली. शेळीने खाल्लेला पाला आणि रेल्वेने खाल्लेले सागवान यांचा हिशेब मात्र एका वहीत मांडला गेला नाही.

मग १८७६-७८ चा महादुष्काळ आला. तो केवळ मुंबई-मद्रासकडचा नव्हता. अनंतशास्त्री डोंगरे व लक्ष्मीबाई, म्हणजे पंडिता रमाबाईंचे आईवडील, तीर्थाटन करीत असताना १८७० नंतरच्या अशाच उपासमारीत गेले होते, हे आपल्या वाचकांना ठाऊक आहे. या दुष्काळाचे कारण काय, याचा खल विलायतेतील नियतकालिकांतून झाला. १८७७ च्या नोव्हेंबरमध्ये लॉकियर व हंटर या विद्वानांनी सूर्यावरील डाग आणि हिंदुस्थानातील दुष्काळ यांचा संबंध जोडून दाखविला. दोष सूर्यावर गेला की कोणालाच उत्तर द्यावे लागत नाही! धान्य त्या वर्षांतही बंदरांतून परदेशी जातच होते. सर रिचर्ड टेंपल यांनी दुष्काळी कामावरील मजुराच्या रोजीत एक पौंड धान्याचा हिशेब धरला. तेव्हा मुंबई इलाख्यात मजुरांनी कामे सोडली आणि गणेश वासुदेव जोशी यांच्या पुण्याच्या सार्वजनिक सभेने गावोगावची माहिती जमवून सरकारशी पत्रव्यवहार मांडला. आकाशाविषयीच्या वादात सामान्य माणसाच्या पोटाची आकडेवारी आणण्याचा आपल्याकडचा हा पहिला मोठा प्रयत्न म्हणता येईल.

दुष्काळ ओसरत असतानाच, १८७८ मध्ये, नवा जंगल कायदा झाला. अरण्य राखीव व्हावे, यामागे पाऊसपाण्याची काळजी हे एक कारण होते. महसूल व इमारती लाकूड ही दुसरी. गावाची गायराने, डोंगरउतार आणि पडीक राने सरकारी सीमेच्या आत गेली. जोतीराव फुले यांनी १८८३ मध्ये लिहिलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथात या खात्याने शेतकऱ्याचे गुराढोरांचे रान कसे गिळले याची कठोर मांडणी केली आहे. पण तेवढ्यावर ते थांबले नाहीत, आणि त्यांचे हे अंग आपण कमी वाचतो. डोंगरावरील पालापाचोळ्याचे खत पावसाबरोबर शेतात यावे, पाणी जमिनीत मुरावे म्हणून जागोजागी ताली व बंधारे घालावेत, आणि या कामी सरकारने आपल्या फौजेतील व पोलिसांतील रिकामे हात लावावेत, असे त्यांनी सुचविले. रयतेला दोष देणाऱ्यांना त्यांनी रयतेच्याच ज्ञानातून पर्याय दिला. ठाणे व कुलाबा जिल्ह्यांतील तक्रारी इतक्या वाढल्या की १८८५ मध्ये मुंबई सरकारला जंगलविषयक आयोग नेमावा लागला. त्याचा अहवाल १८८७ मध्ये आला. कायद्याची चौकट मात्र कायम राहिली.

आता शास्त्राचे काय झाले ते पाहू. हवामानखाते १८७५ मध्ये स्थापन झाले. त्याचे पहिले प्रमुख हेन्री ब्लॅनफर्ड यांनी १८८७ मध्ये मध्यप्रांतातील नोंदींवरून, अरण्य राखल्याने पाऊस वाढल्याचे दिसते, असे लिहिले. पुढे १९१० मध्ये त्यांच्याच गादीवरील गिल्बर्ट वॉकर यांनी हिंदुस्थानच्या हवामानात कायमचा बदल झाला आहे काय, याची आकड्यांवरून छाननी केली आणि तसा पुरावा दिसत नाही असा निर्णय दिला. म्हणजे ज्या कारणासाठी गावांची राने गेली, ते कारण सरकारच्याच वेधशाळेला बत्तीस वर्षांनी सापडेना. राने मात्र परत मिळाली नाहीत.

येथे एक सावधगिरीची सूचना केली पाहिजे. वॉकर यांचा निष्कर्ष पुढे करून आजच्या तापमानवाढीबद्दल शंका घेणारे लोक आपल्या मंडळ्यांतही भेटतात. तो उपयोग चुकीचा आहे. १८९६ मध्ये, आपल्याकडे दुष्काळाचे सावट पडत असताना, स्वीडनचे शास्त्रज्ञ स्वांटे अऱ्हेनिअस यांनी कोळसा जाळून हवेत सोडलेल्या कर्बवायूने पृथ्वी तापेल याचे गणित मांडले होते. आणि ते गणित खरे ठरले आहे. भारत सरकारच्या पृथ्वीविज्ञान मंत्रालयाने २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार १९०१ ते २०१८ या काळात देशाचे सरासरी तापमान सुमारे ०.७ अंश सेल्सिअसने वाढले, आणि १९५१ ते २०१५ या काळात नैऋत्य मोसमी पाऊस सुमारे सहा टक्क्यांनी घटला; ही घट गंगेच्या मैदानात व पश्चिम घाटात विशेष आहे. पाऊस पडतो तोही बेताल. ऑगस्ट २०२१ मध्ये श्योपूर, शिवपुरी, दतिया या भागांत महापूर येऊन सिंध नदीवरील पूल वाहून गेले, हे ग्वाल्हेरकरांनी पाहिले आहे. तेव्हा बदल होत आहे, याबद्दल वाद उरलेला नाही. दोष कोणाचा आणि भार कोणावर, हा वाद मात्र होता तेथेच आहे.

या ठिकाणी उत्पत्तीच्या पुस्तकाकडे वळतो. योसेफाची सात पुष्ट व सात रोड गाईंची कथा आपण रविवारच्या शाळेत आवडीने शिकवितो. दूरदृष्टीचा प्रशासक, भरलेली कोठारे, वाचलेले प्राण: दुष्काळी धोरणाचा याहून चांगला नमुना कोठे मिळणार? पण तो एकेचाळिसावा अध्याय झाला. सत्तेचाळिसाव्या अध्यायात कोठारे उघडल्यावर काय झाले ते सांगितले आहे. लोकांचा पैसा आधी संपला, मग त्यांनी गुरे दिली, मग जमीन दिली, आणि शेवटी स्वतःला फारोचे दास म्हणून विकले. प्राण वाचले आणि भूमी गेली. आणि लोकांनी त्याबद्दल योसेफाचे आभारही मानले. शास्त्रलेखकाने याच ठिकाणी आणखी एक गोष्ट नोंदविली आहे: याजकांची जमीन योसेफाने विकत घेतली नाही, कारण त्यांना फारोकडून नेमलेला शिधा मिळत होता. टीकाकार या वचनावरून सहसा घाईने पुढे जातात. आपण जाऊ नये, कारण ते आपल्या पेशाविषयी आहे.

आपल्या मिशनांच्या इतिहासात १८७६-७८, १८९६-९७ व १८९९-१९०० ही वर्षे ठळक आहेत. नगर जिल्ह्यातील अनेक मंडळ्यांची वाढ पहिल्या दुष्काळानंतरची. १८९६-९७ मध्ये पंडिता रमाबाई मध्यप्रांतात गेल्या, आणि छप्पनियाच्या वेळी गुजरातेतून त्यांनी मुली आणल्या. केडगावचे मुक्तिसदन त्या मुलींनी भरले. ज्या स्त्रीने आपले आईबाप भुकेने जाताना पाहिले, तिने शेकडो परक्या मुलींना अन्न द्यावे, यापुढे कोणाचीही टीका थिटी पडते. मला म्हणावयाचे आहे ते आपल्या स्मरणाविषयी. दुष्काळातील अनाथालये आपण लक्षात ठेवली. त्याच अनाथांच्या गावांचे रान कोणत्या कायद्याने गेले हे आपल्या शतसांवत्सरिक स्मरणिकांत शोधूनही सापडत नाही. आपल्याला शिधा मिळत होता.

स्वतंत्र भारताने जगाच्या व्यासपीठावर जी बाजू मांडली ती मात्र न्यायाची होती. १९७२ मध्ये स्टॉकहोम येथे इंदिरा गांधींनी दारिद्र्य आणि पर्यावरण यांचा विचार एकत्र व्हावा असे सांगितले. १९९१ मध्ये अनिल अगरवाल व सुनीता नारायण यांनी, श्रीमंतांच्या चैनीचा धूर आणि गरिबांच्या जगण्याचा धूर एका तराजूत तोलू नये, असे प्रतिपादन केले. पुढील वर्षी रिओ येथील करारात, जबाबदारी सर्वांची पण सारखी नव्हे, हे तत्त्व आले. २००८ मध्ये आठ अभियानांचा राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर झाला, त्यात हरित भारत हे एक. २०१५ मध्ये पॅरिस परिषदेच्या वेळी भारताने २०३० पर्यंत वृक्षांच्या द्वारे अडीच ते तीन अब्ज टन कर्बवायू शोषून घेण्याची जादा क्षमता निर्माण करण्याचे वचन दिले. वचन चांगले आहे. पण झाडे आकाशात लावता येत नाहीत. त्यांना कोणाची तरी जमीन लागते.

आणि येथे १८७८ पुन्हा समोर येते. २००६ च्या वनहक्क कायद्याने त्या जुन्या अन्यायाची कबुली दिली आणि वनवासी कुटुंबांना दावे करण्याचा मार्ग उघडला. तरीही भरपाईच्या वनीकरणासाठी अशाच दाव्यातील जमिनी घेतल्या गेल्याच्या तक्रारी अनेक राज्यांतून आल्या. १३ फेब्रुवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, दावे फेटाळले गेलेल्यांना वनांतून काढावे, असा आदेश दिला. देशभर ओरड झाल्यावर त्याच महिन्याच्या २८ तारखेस त्याला स्थगिती मिळाली. ग्वाल्हेरच्या पलीकडे, पूर्वीच्या शिंदेशाही मुलखातील कुनोच्या अरण्यातून १९९० नंतरच्या दशकाच्या अखेरीपासून चोवीस गावे हलविण्यात आली, त्यांत बहुतेक सहरिया आदिवासी. हे सिंहांसाठी होते, हवामानासाठी नव्हे. सिंह आले नाहीत, २०२२ मध्ये चित्ते आले. कारण वेगळे असले तरी ज्यांनी उठावयाचे ती माणसे तीच.

वनहक्काचा दावा सिद्ध करण्यासाठी केवळ सरकारी कागद लागतो असे नाही. नियमांनुसार गावातील वडीलधाऱ्या माणसांचा लेखी जबाबही पुरावा म्हणून ग्राह्य आहे, आणि दाव्याची पहिली छाननी ग्रामसभेपुढे होते. आपल्या जुन्या मिशन-ठाण्यांच्या बाप्तिस्मा व दफन नोंदवह्यांत नावासमोर गाव, वस्ती आणि साल लिहिलेले असते. अशा जबाबाला या नोंदींचा आधार जोडता येईल. डोंगरी भागातील काही ठाण्यांत या वह्या मी पाहिल्या आहेत. कपाटाच्या तळाशी, वाळवी लागलेल्या. धर्मशिक्षकांनी त्या वर काढून त्यांच्या प्रती करून ठेवाव्यात.